दुपारची नाताळ फेरी : मिरजेतल्या नोंदी

21 नोव्हेंबर 2024, गुरुवार

नाताळची फेरी आमच्याकडे रात्री निघते. पोरं दहाच्या पुढं गिटार, ढोलकी घेऊन बाहेर पडतात, घरोघरी गाणी म्हणतात, चहा-फराळ घेतात आणि एक-दीडपर्यंत फिरतात. ती रात्रीचीच चांगली, त्यात काही बदलायचं नाही. पण जे नऊला गोळी घेऊन झोपतात, ज्यांना दारापर्यंत यायला दहा मिनिटं लागतात, त्यांच्या घरावरून फेरी तशीच पुढं जाते. कधी पोरं दार वाजवत नाहीत, कधी आतून कडी काढायला कोणी नसतं.

यंदा दुपारची फेरी काढायची असं ठरलं. म्हाताऱ्यांनी काढलेली, म्हाताऱ्यांच्या वेळेची. चार ते सहा.

ठरलं ते बँकेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनवाले सगळे एका रांगेत सापडतात. वर्षभर ज्यांची नुसती खबर कळते त्यांची तोंडं दिसतात. सगळ्यांच्या बोटाला कालच्या मतदानाची शाई. पोस्टातले अण्णा, पेटीवाले मामा, मी आणि शिंपीकाकू बाकावर बसलो होतो. काकूंनी विचारलं, "मोठ्या सिस्टर नाही का आल्या?" त्या हॉस्पिटलातल्या जुन्या नर्स, येऊ शकत नाहीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहेत, वय 88. दाखला घरीच केला. मतदानही घरीच झालं, 85 च्या पुढच्यांना ती सोय आहे. त्या मला म्हणाल्या होत्या, "चार माणसं आली गं पेटी घेऊन. कितीतरी दिवसांनी घरात इतकी माणसं."

हे ऐकून अण्णा म्हणाले, मग आपणच जाऊ की.

एक नियम मी तिथंच घातला आणि तो शेवटपर्यंत पाळायचा आहे. ज्या घरी जायचं, त्या घराकडून काहीतरी घ्यायचं. फळं, बिस्किटाचा पुडा, शाल घेऊन जाणारे खूप असतात. मी मिशन हॉस्पिटलात जन्मभर नर्सिंग केलं. ज्याला फक्त घ्यायचं असतं असा पेशंट कसा आतून मिटत जातो, आणि ज्याला कापसाचे बोळे करायला दिले तो कसा उठून बसतो, हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे. फेरीतल्या प्रत्येक घराला काम मिळालं पाहिजे. नावापुरतं नको, त्याच्यावाचून फेरी अडून बसेल असं काम.

24 नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर यादी केली. नऊ घरं. सहा आमच्या मंडळीतली, तीन शेजारपाजारची. त्यात सतारवाले चाचा आहेत, अण्णांचे एक शाळूसोबती आहेत आणि शिंपीकाकूंच्या मजल्याखालच्या आजी. नाताळाला या तिन्ही घरी आमचा फराळ पूर्वीपासून जातो, दिवाळीला आणि ईदला त्यांचा येतो. त्यांना वगळून फेरी काढली असती तर मोठ्या सिस्टरनी मला घरात घेतलं नसतं.

पाळकसाहेबांनी वेदीवरून सांगितलं. एकदोघांचं म्हणणं पडलं की आजारी माणसांना कामं कशाला, त्रास होईल. त्रास होईल तिथं सोडून देऊ. पण आधी विचारू तर.

28 नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या सिस्टरकडे गेले. "सलाम सिस्टर." "सलाम, ये. उशीर केलास." त्यांचं हे ठरलेलं आहे, कोणीही कधीही गेलं तरी.

त्यांना काम दिलं गाण्यांच्या वहीचं. गीतपुस्तकातली अक्षरं आता आमच्यापैकी कोणाला धड दिसत नाहीत. निम्म्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बाकीच्यांचं व्हायचंय. म्हणून फेरीपुरती गाणी मोठ्या अक्षरात छापून घ्यायची. नमुने मी घेऊनच गेले होते: 18 पॉइंट, 20, 24, आणि 24 जाड. सिस्टरनी चष्मा काढून ठेवला आणि चारी कागद एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. चष्मा का काढला विचारलं तर म्हणाल्या, "गाताना मान वर-खाली होते, चष्मा घसरतो. बिनचष्म्याचं दिसलं तर खरं." 24 जाड पसंत पडला. कागद पांढराशुभ्र नको, चकाकणारा तर अजिबात नको, फिकट पिवळा घ्यायचा. एका पानावर एकच कडवं. वही सपाट उघडी राहिली पाहिजे, म्हणून तारेची बांधणी.

गाणी त्यांना सगळी पाठ. टिळकांची दोन पदं घ्यायचीच म्हणाल्या. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात साताऱ्याला राहिले, 1917 साली तिथंच त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. सिस्टर त्यांच्याविषयी गावातल्या वडीलधाऱ्यासारखं बोलतात. पण निवडीचं कारण वेगळंच निघालं. अभंग-ओवीच्या चालीवरच्या पदात ओळ आखूड असते, दम लागायच्या आत संपते. इंग्रजी चालीवरच्या गाण्यांत चार-चार मात्रांचे सूर ताणावे लागतात, तिथं म्हातारा गळा फाटतो. हे मला सुचलं नसतं. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल उतरणाऱ्या माणसाचे श्वास मोजलेली बाई आहे ती.

छापायला द्यायच्या आधी शुद्धलेखन त्याच तपासणार. त्यांनी हो म्हटल्याशिवाय वही छापायला जाणार नाही.

1 डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. पहिली मेणबत्ती लागली. दुपारी मामांकडे तालीम.

मामांच्या हाताला कंप आहे, चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो. पेटीवर मात्र बोटं बसली की कंप बराच कमी होतो. का ते डॉक्टरांना विचारायला हवं. भाता मात्र जमत नाही, म्हणून भाता मी मारते आणि सूर ते लावतात. एका पेटीला दोघं. नेहमीची काळी एकची पट्टी आज कोणालाच पेलली नाही, वरच्या सुराला सगळे गप्प झाले. मामांनी पट्टी काळी पाचवर उतरवली आणि खोली भरून आवाज आला. शिंपीकाकू आमच्यात बसल्या होत्या, त्या टाळ धरणार.

4 डिसेंबर, बुधवार

तारा. दारावर टांगायचा नव्हे, फेरीच्या पुढं काठीवर धरून न्यायचा. बाजारात प्लास्टिकचे तयार मिळतात, दिवा लावला की छान दिसतात. पण हे काम चाचांसाठी राखून ठेवलं होतं.

चाचा 79 वर्षांचे. सतारमेकर गल्लीत सगळं आयुष्य गेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला यंदा भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण त्यांनी भिंतीला चिकटवलंय. भोपळे मंगळवेढ्याकडून यायचे, ते निवडायला ते स्वतः जायचे. आता गुडघ्यांमुळे जमिनीवर मांडी घालता येत नाही आणि कारखान्याचं काम सगळं मांडी घालूनच. मुलगा, नातू काम करतात, हे खुर्चीवर बसून बघतात. मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "ताई, आता हात कुठला चालतोय."

कामट्या घेऊन गेले होते. दोन त्रिकोणांचा की पाच टोकांचा हे त्यांनी विचारलं. पाच टोकांचा म्हटल्यावर कामट्या हातात घेऊन वाकवल्या, दोन बाजूला टाकल्या, "या फुटतील." मग गाठी. सतारीचे पडदे दांड्याला दोऱ्याने बांधलेले असतात, तशीच ही बांधणी: दोरा शेजारी-शेजारी बसवत न्यायचा, वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्यांखालून ओढून घ्यायचं म्हणजे गाठ वर दिसत नाही. प्रत्येक गाठ झाली की अंगठ्याने सरकवून बघत होते. पडदा सुरासाठी सरकला पाहिजे, इथं सरकता कामा नये, एवढाच फरक, म्हणाले. नातू कामावरून उठून आला आणि बघत उभा राहिला. चाचांनी त्याला पतंगाचा कागद आणायला पिटाळलं.

हात चालतोय.

7 डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. अण्णांकडे वांग्याचं भरीत-रोडगा, आम्हाला डबा आला.

फोनची साखळी आजपासून. कल्पना अण्णांची. सकाळी आठला पहिल्याने दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं फिरत पुन्हा पहिल्याकडे. पैसे लागत नाहीत, बोलावं लागत नाही, कानाला कमी ऐकू येणाऱ्यालाही पडद्यावर नाव दिसतं. साडेआठपर्यंत कॉल आला नाही तर मागच्याला आपण फोन करायचा; उचलला नाही तर त्याच्या शेजाऱ्याला. प्रत्येकाची एक किल्ली शेजारी ठेवलेली असावी, ही अट. शेजारी कोणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14567. तो आकडा सगळ्यांच्या फोनजवळ जाड पेनाने लिहून चिकटवला. पोस्टात माणूस टपाल कसं फिरवायचं याचाच विचार करतो, म्हणून अण्णांनी साखळीचा क्रम घरांच्या अंतरावर लावलाय. ज्याला कॉल द्यायचा तो चालत जाण्याजोगा जवळ.

9 डिसेंबर, सोमवार

रेल्वेतल्या काकांना वेळापत्रक दिलं. म्हणजे त्यांनी मागून घेतलं. फुप्फुसं गेलेली, घरात ऑक्सिजनचं मशीन, दिवसातले बरेच तास नाकात नळी. मिरज जंक्शनला नोकरी झाली. पुणे-मिरज मार्ग 1971 साली ब्रॉडगेज झाला तेव्हाच्या आठवणी अजून तोंडपाठ. त्यांच्यासाठी काय काम काढावं हे सुचत नव्हतं. फेरीचा मार्ग त्यांच्यापुढं ठेवला तर त्यांनी तो उलटा केला. जिना असलेली दोन घरं आधी, तोवर पाय ताजे असतात. स्वच्छतागृहाची सोय असलेलं घर मध्यावर. मोठ्या सिस्टर शेवटी, कारण तिथून कोणी लवकर निघणार नाही आणि मागच्या सगळ्यांना उशीर होईल. प्रत्येक घरी किती वाजता पोहोचणार, किती वाजता सुटणार, दोन घरांमध्ये रिक्षात चढा-उतरायची किती मिनिटं, सगळं रकाने आखून. हे आम्ही कोणीही केलं नसतं आणि याच्याशिवाय फेरी फसली असती.

12 डिसेंबर, गुरुवार

साखळी तुटली. मामांचा कॉल शिंपीकाकूंना आला नाही. मार्गशीर्षातला गुरुवार, काकू घट मांडून पूजेला बसलेल्या. आठ पस्तीसला त्यांनी फोन लावला, मग पूजा तशीच ठेवून, किल्ली घेऊन स्वतःच गेल्या. मामा न्हाणीघरात पडलेले होते. शुद्धीवर होते पण उठता येत नव्हतं, ओल्या फरशीवर थंडीने कुडकुडत होते. काकूंनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला नाही, अंगावर चादर टाकली, मानेखाली हात घातला नाही, मला फोन केला. हे सगळं बरोबर केलं. हाड मोडलं असेल तर ओढाताण करून नुकसान होतं.

एक्स-रे काढला. हाड शाबूत. कमरेला मुका मार आणि डाव्या कोपराला खरचटलंय. एरवी दूधवाला येईपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते तिथंच पडून राहिले असते. त्यांचा मुलगा बंगळूरहून रात्री फोनवर रडला. मी त्याला सांगितलं, बाबा आमच्यात आहेत.

न्हाणीघरात रबरी चटई आणि भिंतीला पकडायची दांडी. दांडी उद्याच बसवायची. बाकीच्या आठ घरांतही बघायचं.

14 डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. अण्णा नरसोबाच्या वाडीला गेले, एसटीला 75 च्या पुढं तिकीट नाही. येताना सगळ्यांना कवठाची बर्फी. मामांना अर्धी वडी जास्त.

सिस्टरनी वही तपासून दिली. तेवीस चुका काढल्या, त्यात एका पदाचं अख्खं कडवंच सुटलेलं. छापखान्यात दिली.

17 डिसेंबर, मंगळवार

फराळ, काल आणि आज, माझ्या घरी. नाताळच्या फराळातल्या चकल्या यंदा बाद केल्या. निम्म्यांना कवळ्या आहेत, चकली ताटात शोभेला उरते. त्याऐवजी नानकटाई, ती तोंडात विरघळते. पीठ मळून डबे बेकरीच्या भट्टीला दिले. साखरेवाल्यांसाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा. आणि करंज्या, कारण करंज्यांशिवाय नाताळ हे कोणाला सांगूनही पटणार नाही.

खोबरं शिंपीकाकूंच्या खालच्या आजींनी किसून दिलं. दोन किलो सुकं खोबरं, पलंगावर बसून, रोज थोडं थोडं. किस इतका बारीक की भाजताना लक्ष ठेवावं लागलं, पटकन लाल होतो. ओलं खोबरं घेतलं नाही, करंज्या महिनाभर टिकायला हव्यात. पाठीची काळी साल त्यांनी सुरीने आधीच काढून टाकली होती. हे कोणी सांगितलं नव्हतं.

कामं हातांप्रमाणे वाटली. जिचा खांदा दुखतो तिने लाटायचं नाही, तिने सारण भरायचं. जिची बोटं आखडलीत तिने कातणं फिरवायचं, त्याला मुठीचीच पकड लागते. मी तळणीवर. मळलेला रवा-मैदा ओल्या फडक्याखाली, लाट्या पण ओल्या फडक्याखाली. पारीची कड दुधाच्या बोटाने ओली करून दाबायची. ही शेवटची दाबणी मंडळीतल्या एका वहिनींकडे होती. त्यांना गेली दोन वर्षं विसरायचा आजार आहे. सूनबाई त्यांना सोडून जायला घाबरत होत्या. वहिनींनी दोन दिवसांत मला चार वेगवेगळ्या नावांनी हाक मारली, आणि त्यांच्या हातची एकही करंजी तेलात फुटली नाही. अर्धचंद्र हातात घ्यायच्या, अंगठ्याने कडेकडेनं दाबत जायच्या, शेवटी टोकाला किंचित चिमटा. मधेच विचारायच्या, "आज कुणाचं लग्न?" काकू म्हणायच्या, "नाताळ आहे, वहिनी." "मग पटपट करा की."

सूनबाई संध्याकाळी न्यायला आल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, जरा थांब, घाणा राहिलाय.

21 डिसेंबर, शनिवार

फेरी निघाली. तीन पंचावन्न. दोन रिक्षा, आम्ही सहा जण, पेटी, टाळ, वह्या, डबे. तारा चाचांच्या नातवाने धरला. मामा कमरेला पट्टा बांधून आले, कोणाचं ऐकलं नाही.

प्रत्येक घरी घरच्या माणसाने सांगितलेलं एक गाणं, मग प्रार्थना, मग त्या घराचा वाटा ताब्यात घ्यायचा आणि डब्यात घालायचा किंवा सगळ्यांना दाखवायचा. जिना असलेल्या पहिल्या घरात एका मावशींनी डब्यांवर बांधायला जुन्या साड्यांचे काठ कापून ठेवले होते, सगळे सारख्या लांबीचे. अण्णांचे शाळूसोबती दोन्ही डोळ्यांनी अधू. त्यांनी डबे मोजून, हाताने चाचपून एकावर एक रचून दिले आणि कोणत्या थरात काय आहे हे पाठ म्हणून दाखवलं.

आजींना खोबऱ्याची करंजी फोडून हातात दिली. त्यांनी आधी सारणच बघितलं. "जरा जास्त भाजलंत."

चाचांच्या दारात तारा थांबवला. चाचा खुर्ची ओढून बाहेर बसले होते, शेजारी मुलगा सून, गल्लीतली पोरं. गाणं तुम्हीच सांगा म्हटलं तर म्हणाले, गाणं तुमचं, सूर मात्र नीट लावा. मामांची पेटी ऐकून मान हलवली, मग आत जाऊन नातवाला तंबोरा आणायला सांगितलं. काळी पाचला जुळवायला वेळ लागला. वेळापत्रकात ही मिनिटं नव्हती. तंबोऱ्यावर ते पद गाताना आमचे आवाज आपोआप खाली आले, घाई गेली. शिंपीकाकूंनी टाळ थांबवले. कोणी सांगितलं नव्हतं. त्या सुरात टाळ नको होते.

रेल्वेतल्या काकांकडे पोहोचलो तेव्हा ते दारात घड्याळ बघत बसलेले. "11 मिनिटं लेट." कारण सांगितल्यावर वहीत लिहून घेतलं आणि पुढचे दोन थांबे आखूड करून सिस्टरना उशीर होऊ दिला नाही.

मोठ्या सिस्टरकडे सहाला पाच कमी असताना. भाचीने पलंग खिडकीकडे वळवला होता. त्यांनी नवी वही उशाशी ठेवलेली, उघडली नाही, पाठच म्हणत होत्या. तिसऱ्या कडव्यात आम्ही सगळे वहीत बघून चुकलो आणि त्या एकट्या बरोबर होत्या. चूक छापखान्याची, त्यांनी दुरुस्त केलेली ओळ तिथं जुनीच राहिली होती. त्यांनी आमचं गाणं थांबवून ती ओळ पुन्हा म्हणून घेतली. नंतर वहिनींना जवळ बसवून विचारलं, "तू कोण गं?" वहिनी म्हणाल्या, "मी करंज्यांची." दोघी हसल्या, मग दोघींनी करंजी खाल्ली. साडेसातपर्यंत कोणी उठलं नाही.

26 डिसेंबर, गुरुवार

काल उपासना, मग जेवणं, मग झोप. रात्रीच्या फेरीतली पोरं 24 तारखेला पहाटे सव्वाला मामांच्या दारावरून गेली तेव्हा मामा जागे होते, त्यांनी खिडकीतून त्यांना पट्टी बदलायला सांगितली म्हणे.

हिशेब अण्णांकडे. रिक्षा, छपाई, किराणा धरून 340 रुपये उरलेत, ते न्हाणीघरांच्या दांड्यांसाठी. तीन घरांत अजून बसवायच्या आहेत.

साखळी चालू ठेवायची आहे, बंद करायला कोणी तयार नाही. आठची वेळ थंडीपुरती साडेआठ करा अशी मागणी आहे. रेल्वेतले काका नाही म्हणतात.

संक्रांतीसाठी बैठक 6 जानेवारीला, सोमवारी, चार वाजता, सिस्टरच्या घरी. त्या कुठं जाऊ शकत नाहीत तर बैठकच तिथं. तीळ निवडायचं काम आजींनी मागून घेतलंय. चाचांनी पतंगाचा उरलेला कागद परत मागवलाय, नातवासाठी. वहिनींना कातणं घरी देऊन ठेवलं आहे, सूनबाई म्हणाल्या की त्या दुपारच्या त्याच्याशी रमतात, रोज थोडी कणीक मळून द्यावी लागते.